एका ग्रॅमची मोड

कारखान्यात तिला सगळे मिलीबाई म्हणायचे. मिलीग्रॅममधलं मिली. गोळ्या बनण्याआधी औषधाची प्रत्येक पूड तोलावी लागते, आणि ती तोलायची खोली म्हणजे मिलीबाईचं राज्य. राज्य कसलं, चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. काचेचं दार, आत दगडी ओटा, ओट्यावर काटा. पंखा नाही, खिडकी नाही, कारण झुळूक आली तरी काटा थरथरतो. दारावर लाल अक्षरांत दोनच शब्द: बोलू नये. बोललं की श्वासाचा वारा लागतो आणि पारडं हलतं.

एकतीस वर्षं ती त्या खोलीत बोलली नाही.

खोलीबाहेर मात्र तिची जीभ काट्याइतकीच बारीक चालायची. चहाच्या सुट्टीत पॅकिंगवाले चिडवायचे, "मिलीबाई, आज आमचं वजन करून द्या की."

"शरीराचं म्हणाल तर माझा काटा लहान पडेल," ती म्हणायची, "आणि अकलेचं म्हणाल तर फारच मोठा."

सगळे हसायचे. दहा मिनिटांनी घंटा व्हायची, आणि ती परत काचेच्या आत. तिथे तिला भेटायला माणसं यायची ती एकाच कामासाठी, दुसऱ्या सहीसाठी. नियमच होता: एकाने तोलायचं, दुसऱ्याने पाहायचं, दोघांनी सही करायची. येणारा आकड्याकडे बघायचा, सही ठोकायचा आणि जायचा. तिच्याकडे बघायचं असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं.

लग्न झालं नाही. का नाही झालं, याला काही गोष्टबिष्ट नाही. आईवडील लवकर गेले, धाकटा भाऊ दहा वर्षांनी लहान, त्याचं शिक्षण, त्याची नोकरी, त्याचं लग्न, असं करत करत तिचं राहून गेलं. एखादं भांडं वरच्या फळीवर ठेवावं, आणि पाहुणे येऊन जेवून गेल्यावर आठवावं, तसं.

सोन्याचं वेड तिला नव्हतं. बँकेतल्या पैशाला हजार वाटा असतात, सोनं गप्प पडून राहतं, एवढंच तिला आवडायचं. वयाच्या चाळिशीपर्यंत पोटाला चिमटा काढून तिने एक बिस्कीट जमवलं. दहा ग्रॅमचं, एकसंध, नखाएवढं. ते कपाटात साड्यांखाली होतं, आणि त्याच्या असण्याने घराला एक माणूस वाढल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी धाकटा आला. त्याला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. "ताई, थोडेच कमी पडतायत गं. तुला माहितीये मी मागणारा नाही."

"किती कमी पडतायत?"

त्याने सांगितलं. तीन ग्रॅमच्या सोन्याएवढे. तिच्याकडे तीन ग्रॅम नव्हते, दहा होते. बिस्किटाचा तुकडा पाडून कोण घेणार? सोनं मोडायचं तर सबंधच मोडावं लागलं. उरलेले पैसे ती घरी घेऊन आली, आणि ते टेबलावर असतानाच धाकटा म्हणाला, "आता आहेतच, तर मशीन जरा मोठं घेऊ का? वर्षात परत करतो."

ती "बरं" म्हणाली. तिला नाही म्हणता यायचं नाही. हा तिच्या अंगचा दोष ती स्वतः चांगला ओळखून होती. वस्तू नाही म्हणून सांगणं तिला जमायचं, पण वस्तू समोर असताना देणार नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. दुकान दोन वर्षं चाललं, मग बसलं. पैशाचा विषय पुन्हा निघाला नाही. धाकट्यावर तिचा राग नव्हता. राग होता तो त्या बिस्किटावर. इतकं मोठं असायचं काय कारण होतं त्याला?

म्हणून पुढच्या वेळी सराफाच्या दुकानात काउंटरवरच्या चष्मेवालीने दहा ग्रॅमची पेटी पुढे सरकवली, तेव्हा हिने ती बोटाने मागे सरकवली.

"लहान दाखवा."

"पाच ग्रॅम?"

"त्याहून लहान."

"काकू, एक ग्रॅम आहे, अर्धा ग्रॅमही आहे. पण खरं सांगू? लहान नाण्याला घडणावळ फार बसते. अर्ध्या ग्रॅमची वीस घेतलीत, तर त्यातली दोन-तीन नुसत्या घडणावळीत गेली समजा."

"जाऊ देत."

"अहो, जाऊ देत काय! मीच विकतेय आणि मीच सांगतेय, मोठं घ्या."

"मला मोड हवी."

"मोड?"

"हो. मोठी नोट काढली की सबंध हातातून जाते. सुट्टे असले की सांगता येतं, बाबा रे, एवढंच आहे."

चष्मेवाली खळखळून हसली. "सोन्याची मोड! काकू, तुम्ही पण ना!" आणि तिने अर्ध्या ग्रॅमचं नाणं काढून दिलं. नाणं कसलं, मसुरीच्या डाळीहून थोडं मोठं. जाड कागदाच्या कार्डात, वर पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा, त्यात ते बसलेलं. कार्डावर छापलेलं वजन, कस, क्रमांक आणि कुणाची तरी सही.

घरी येऊन मिलीबाईने पहिली गोष्ट काय केली, तर कात्री घेऊन ते कार्ड कापलं.

आता हे तुम्हीआम्ही केलं नसतं. पण तिचं बघा. कारखान्याने जुना दोन पारड्यांचा काटा भंगारात काढला, तेव्हा तिने तो विकत आणला होता. काचेच्या पेटीतला, पितळी पारड्यांचा, केसाएवढी तूट दाखवणारा. तो खिडकीपासून लांब, भिंतीशी, एका पक्क्या स्टुलावर असायचा. छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा, तर आपण आयुष्यभर काय केलं? पाकिटावरचा आकडा म्हणजे कुणाचं तरी म्हणणं. आकडा तो, जो आपल्या पारड्यात उतरतो. तिने दार लावलं, पंखा बंद केला, चिमट्याने नाणं पारड्यात ठेवलं, श्वास धरला. काटा डुलला, थांबला. अर्धा ग्रॅम, वर एक मिलीग्रॅम.

"बरोबर," ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, आणि बोलू नये अशी पाटीही नव्हती.

कापलेलं कार्ड तिने केरात टाकलं. वेष्टन म्हणजे वजनातून वजा करायची गोष्ट, ती जपून ठेवायची कशाला? कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत एक सूचना होती: वेष्टन उघडल्यास परतखरेदीचे नियम बदलतील. तिने ती वाचली होती. छापलेलं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. पण कारखान्यात अशी सूचना प्रत्येक पिंपावर, प्रत्येक पिशवीवर असायची, सील तोडू नये, आणि ती कायम इतरांसाठी असायची. जगात एक माणूस असा असतो ज्याने सील तोडायचंच असतं, आणि तो माणूस म्हणजे आपण, अशी तिची पक्की समजूत होती.

अशी एकोणीस वर्षं गेली. पहिली बारा नाणी अर्ध्या ग्रॅमची, पगार वाढल्यावर अठ्ठ्याहत्तर एका ग्रॅमची. एकूण नव्वद. प्रत्येक कापलं, प्रत्येक तोललं, वहीत लिहिलं: तारीख, वजन, तिची सही. शेजारी दुसऱ्या सहीचा रकाना तिने हाताच्या सवयीने आखला होता. नव्वद ओळी तो रिकामा होता. नाणी औषधाच्या काचेच्या कुप्यांत, एकेका कुपीत दहा.

एकदा एक नाणं चक्क तीन मिलीग्रॅम जास्त भरलं. तिला रात्रभर चैन नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात.

"अहो, तुमचं सोनं माझ्याकडे जास्त आलंय."

चष्मेवालीला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने सगळ्या काउंटरला ऐकवलं, "ऐका! काकू तीन मिलीग्रॅम परत करायला आल्यात!" सगळे हसले. "ठेवा काकू, आमच्याकडून भेट समजा." मिलीबाईही हसली. त्या हसण्यात एवढंच विचारायचं राहिलं, की काकू, बंद पाकिटातलं नाणं तुम्ही तोललंत कसं?

ती सोनं पैशात मोजत नसे. महिन्यांत मोजायची. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीचं भाडं एका ग्रॅममध्ये बसायचं, थोडं वर-खाली. निवृत्तिवेतन दोन वेळच्या पोटाला पुरेल, भाड्याला नाही. म्हणजे एक ग्रॅम, एक महिना. सगळे मिळून चौऱ्याऐंशी महिने. सात वर्षं स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप. त्यापुढचं त्यापुढे.

साठाव्या वर्षी निवृत्त झाली. निरोपाला साहेब उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "यांच्याबद्दल कधी तक्रार आली नाही." मग काय बोलावं त्यांना सुचेना, म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हणाले. तोलायच्या खोलीत आता यंत्र बसणार होतं, दुसरी सहीसुद्धा यंत्रच करणार होतं.

त्या आठवड्यात धाकटा आला. आता तोही पन्नाशीचा, केस पिकलेला, पण जिना चढताना अजून "ताईऽऽ" अशी हाक मारत येणारा.

"तू एकटी इथे काय करणार आता? आम्ही मोठं घर बघतोय. तीन खोल्या. एक तुझी."

"माझी?"

"तुझी म्हणजे तुझीच. थोडे कमी पडतायत म्हणा. तुझं ते चिल्लर सोनं आहे ना, ते घातलंस की झालं."

"चिल्लर कुठे जमतंय रे एकत्र. एकेक ग्रॅमचं कोण मोडत बसणार?" ती म्हणाली. हे वाक्य तिने एकोणीस वर्षं तयार ठेवलेलं होतं. त्यात नाही हा शब्द कुठेच नव्हता.

"बघ बाई. पंधरा दिवसांची मुदत आहे. मी काय, तुझ्याच सोयीचं बोलतोय."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. चार वर्षांपूर्वी ताप आला तेव्हा ती आठ दिवस त्याच्याकडे होती. भावजयीने सगळं केलं, कधी कपाळाला आठी नाही. पण ती जिथे झोपायची तिथूनच कपडे वाळत घालायला जायची वाट होती. दिवसभर माणसं तिच्यावरून ये-जा करायची, "झोपा ताई, झोपा" म्हणत. त्या घरात पाच माणसं होती आणि आठ दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. इथे विचारायला कुणी नव्हतंच, तेव्हा तक्रारही नव्हती.

महिनाअखेर आली. ती एका ग्रॅमचं पहिलं नाणं घेऊन दुकानात गेली. चष्मेवालीच्या कानाजवळचे केसही आता पांढरे झाले होते.

"या काकू! आज काय, अर्धा की एक?"

"आज घ्यायचं नाही. मोड आणलीये."

"मोड? मग मागच्या काउंटरला जा. मोड तिकडे घेतात."

"अहो, मोड म्हणजे आपली ती मोड. तुमच्याकडचीच." तिने कुपी काढली.

चष्मेवालीने कुपीतलं उघडं नाणं पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच चष्मा काढला. "काकू, पाकीट कुठाय?"

"ते टाकलं."

"टाकलं? बाकीची?"

"सगळीच तोलली ना मी. न तोलता कसं घेणार?"

चष्मेवाली काउंटरला वळसा घालून बाहेर आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघींच्या मध्ये काच नव्हती. "काकू, बंद पाकीट असतं तर आजच्या भावाने पूर्ण पैसे दिले असते, डोळे मिटून. उघडलेलं नाणं आमच्याकडे मोडीत धरतात. जुन्या दागिन्यासारखं. वितळवायचं, कस बघायचा, मग पैसे. चला, मी येते मागे तुमच्याबरोबर."

मागच्या खोलीत भट्टी होती, आणि भट्टीसमोर जाड काचेचा गॉगल कपाळावर सरकवलेला एक म्हातारा. त्याला सगळे भट्टीवाला म्हणायचे. त्याने नाणं तोललं, मग मिलीबाईने पुढे केलेली तिची वही घेतली. वहीतला आकडा बघितला, काट्यावरचा बघितला.

"कुठला काटा तुमचा?"

"जुना. दोन पारड्यांचा."

"माझ्याहून बरा आहे." तो मान हलवत म्हणाला. तिला वाटलं, झालं काम. पण तो पुढे म्हणाला, "बाई, वजनात तुमची खोट नाही. पण सोनं नुसतं वजनात नसतं, कसात असतं. कसाची हमी त्या कार्डावर होती, आणि कार्ड तुम्ही केरात दिलंत."

"मी खोटं नाणं आणीन का?"

"तुम्ही नाही आणणार. तुमच्यासारखं तोंड करून दुसरा आणील. नियम त्याच्यासाठी आहे. पण बसतो तुम्हाला."

मग त्याने हिशोब सांगितला. भट्टी पेटवायचा खर्च ठरलेला, वर थोडी तूट. एक नाणं टाकलं तरी तेवढाच, नव्वद टाकली तरी तेवढाच. एकेक आणलं तर दर वेळी सहावा हिस्सा जाणार. सगळी एकदम वितळवली तर जवळजवळ काही जाणार नाही, एकच छोटी लगड होईल, तिचे पैसे त्याच दिवशी हातात.

मिलीबाईला मनात भागाकार करायला पाटी लागत नसे. चौऱ्याऐंशीचा सहावा हिस्सा चौदा. तिच्याच हाताने, तिच्याच कात्रीने चौदा महिने कापले गेले होते.

"उद्या येते," ती म्हणाली आणि नाणं परत कुपीत घातलं.

घरी आल्यावर तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं. इतकंच. खालची घरमालकीण बहिरी. कारखान्यातल्या कुणाचा नंबर तिने कधी घेतला नव्हता, त्यांनीही दिला नव्हता. चष्मेवालीला तर सगळं माहीतच होतं. उरला कोण? तिने धाकट्याला फोन लावला, आणि चौदा महिन्यांचा सगळा हिशोब सांगत असतानाच तिला कळलं की आपण हे काय करून बसलो.

"म्हणजे सगळी एकत्र वितळवली तर काही तूट नाही?"

"नाही म्हणजे... फार नाही."

"मग प्रश्नच मिटला की ताई!" त्याचा आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला. "देवाने केल्यासारखं झालं! तूच म्हणत होतीस, सुट्टं आहे, जमत नाही. आता जमतंय! मी उद्या येतो तुझ्याबरोबर. एकटी जाऊ नकोस एवढं सोनं घेऊन."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं भट्टीसमोर उभी. धाकट्याने नवा शर्ट घातला होता. नऊ कुप्या टेबलावर रांगेत. त्याने एक उचलून उजेडात धरली, हलवली, हसला. "वेडी आहेस हं तू ताई. सोन्याला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या!" मग गंभीर होऊन म्हणाला, "तुझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. मी बघून आलोय. पलंग कुठे ठेवायचा तेही बघितलंय."

तिने त्याच्याकडे बघितलं. खरंच बघून आला असेल. तिथे उभं राहून त्याने हाताने मोजलंही असेल, पलंग बसतो का ते.

भट्टीवाल्याने मूस चिमट्याने उचलली. मातीची वाटीच ती, आतून काळी पडलेली. "बाई, किती घालू?"

"सगळी," धाकटा म्हणाला.

"मी बाईंना विचारतोय."

मिलीबाईने एका ग्रॅमच्या नाण्यांची एक कुपी उघडली. तळहातावर उपडी केली. दहा नाणी. तिने एक उचललं आणि मुशीत टाकलं. बाकीची नऊ कुपीत ओतली, बूच लावलं.

"एक."

"ताई?"

"एकच."

"अगं, ऐकलंस ना ते काय म्हणाले? सहावा हिस्सा जाणार दर वेळी!"

"ऐकलं."

"चौदा महिने जातील!"

"जातील."

"बरं, सगळी नको, निम्मी तरी."

ती मान खाली घालून कुप्या पिशवीत भरत होती. एक, दोन, तीन. तिला कारण सांगायचं होतं. मला तुझ्याकडे यायचं नाही असं नाही रे, पण तिथे आले की परत निघायला माझ्याकडे काही उरणार नाही. हे सगळं तोंडात तयार होतं. पण समोर वस्तू असताना देणार नाही म्हणायची तिची पहिलीच वेळ होती, आणि त्या एका शब्दात तिची सगळी ताकद संपली होती.

धाकटा म्हणाला, "चौदा महिने भट्टीत घालशील, पण भावाला देणार नाहीस." आवाज चढवून नाही. हिशोब तपासल्यासारखं.

हिशोब चुकलेला नव्हता. तो गेला. बाहेर चष्मेवाली त्याला "चहा घ्या ना" म्हणाली, ते ऐकू आलं. त्याने काय उत्तर दिलं ते आलं नाही.

भट्टीवाल्याने ज्योत सोडली. नाण्याची कड आधी लाल झाली, मग नाणं आपल्यातच बुडालं आणि त्याचा एक थेंब झाला, गरगरणारा.

"बाई, न राहवून सांगतो," तो ज्योतीवरून नजर न काढता म्हणाला. "निदान बारा-बारा घाला. वर्षाचं एकदम. फार वाचेल."

"मग अकरा महिन्यांचे पैसे घरात पडून राहतील."

"तेच म्हणतोय, राहू देत की."

"तो येईल, मागेल. मी देईन. तुम्ही मला ओळखत नाही, मी ओळखते."

थेंब थंड झाल्यावर त्याने कस बघितला, तोलला, आकडा सांगितला. तिने पैसे घेतले, कापलेले पैसे मोजले नाहीत. संध्याकाळी कमी पडलेले पोटाच्या पैशातून घालून घरमालकिणीच्या हातात भाडं ठेवलं. घरमालकीण नेहमीसारखी ओरडून म्हणाली, "एवढ्या लवकर? अजून दोन दिवस आहेत!" ती ओरडून म्हणाली, "असू देत!" आणि जिना चढून वर आली. दार लावलं. कुलूप आतून लावायची गरज नव्हती, तरी लावलं.

दर रविवारी सकाळी धाकट्याचा फोन यायचा. विशेष काही नसायचं त्यात. पाणी आलं का, जिन्यावरचा दिवा लागला का, दातांना दाखवलंस का. तिचं उत्तर संपायच्या आत तो "चल, ठेवतो" म्हणायचा. त्या रविवारी फोन आला नाही. तिने आंघोळीला जाताना फोन दाराशी स्टुलावर ठेवला, नळ बारीक सोडला. पुढच्या रविवारी तिने तो दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना. घराची मुदत संपली होती. ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं असणार.

तिसऱ्या रविवारी तिनेच लावला. भावजयीने उचलला.

"ताई? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तो आहे का?"

"बाहेर गेलेत हो. आत्ताच."

"बरं."

आणि भावजयीच्या मागे, त्याच खोलीत, कुणीतरी खोकलं. दोनदा. तोंडावर हात धरून, दाबून. मिलीबाईने फोन कानाशी घट्ट धरला. नकळत तिने श्वास धरला होता.

"खोकला सुका आहे," ती म्हणाली. "वाफ घ्यायला सांग त्याला. झोपताना उशी उंच घ्यायला सांग."

"सांगते," भावजय म्हणाली.

"घरी आला की सांग," मिलीबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.